मिरच्या कोण भाजतंय

आमच्या गावाजवळच्या केमिकल कारखान्याने सरकारला जो खुलासा दिला, त्यात एक वाक्य माझं आहे. मी ते भर गल्लीत, भर उन्हात, कमरेवर हात ठेवून बोलले होते. त्यांनी मला न विचारता ते उचललं आणि माझ्याच गावावर उलटवलं. बाजारात माझ्या ढिगातलं एखादं वांगं कोणी न विचारता उचललं तर मी त्याच्यामागे चौकापर्यंत ओरडत जाते. हे तर अख्खं वाक्य होतं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी भरताची वांगी विकते. थंडी पडली की आमच्याकडे शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू होतात. कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर ताटं चाटून खायची. मी हायवेच्या कडेला एक टोपली घेऊन सुरुवात केली होती. आता आमची पिकअप जळगावला आणि धुळ्याला दोन्हीकडे माल टाकते. गाडी नवरा चालवतो, भाव मी करते. त्याने एकदा भाव केला होता, तेव्हापासून तो फक्त गाडी चालवतो. शेत नाल्याकाठी, विहीर त्याच शेतात, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला तो कारखाना.

आमच्या शेजारी अक्का राहते. नात्याची नाही, भिंतीची. हंगामात माझी वांगी तोडायला येते आणि बाराही महिने माझ्याशी भांडते. तिचा आवाज म्हणजे गावाचा भोंगा. तिने दारात उभं राहून म्हशीला हाक मारली की नाल्यापलीकडच्या म्हशीही मान वर करायच्या.

चैत्रात आमच्या गल्लीत काळ्या मसाल्याची गडबड असते. तेव्हाची एक रीत आहे. ज्या घरात मिरच्या भाजायच्या, त्या घरच्या बाईने आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून यायचं. मग ज्यांच्याकडे तान्हं पोर आहे ते माहेरी नाही तर मळ्यात जातात, आणि दम्याचे आबा मारुतीच्या पारावर जाऊन बसतात. न सांगता मिरच्या भाजणारी बाई म्हणजे सगळ्यांत नाठाळ बाई. तिच्या घरची बोलणी गल्लीला वर्षभर पुरतात.

त्या दिवशी मी ओट्यावर वांगी निवडत होते. आधी नाकात झोंबलं, मग डोळ्यांत, मग घशात काटे उभे राहिले. समोरच्या घरात कोणीतरी शिंकलं, पलीकडे पोरं खोकायला लागली. मला काय वाटणार? जे गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाटलं तेच. मी उठून अक्काच्या दारात गेले.

"अव अक्का, मिरच्या भुंजी ऱ्हायनी आनि गल्लीमां सांगं बी नही?"

अक्का पदर तोंडाला लावून बाहेर आली. तिची चूल थंड होती. खोकता खोकता म्हणाली, "मन्या मिरच्या आजून बजारमां शेतस. मी तर तुलेच शिव्या दी ऱ्हायंतू."

"मंग कोन भुंजस?"

झालं. आम्ही दोघी भांडायच्या थांबलो आणि तिसरीला शोधायला निघालो. घराघरातून बाया निघाल्या, प्रत्येकीचे डोळे लाल, प्रत्येकीच्या जिभेवर एक नाव. जिचं नाव घ्यावं ती पुढच्या दारात खोकत उभी. वारा नाल्याकडून येत होता, म्हणून आम्ही नाल्याच्या दिशेने निघालो. ज्या धुरापासून पळायचं, त्याच धुराच्या तोंडावर चालून गेलेलं गाव दुसरं नसेल. आम्हाला गुन्हेगार बाई हवी होती.

वाटेत कारखान्याचा एक माणूस मोटरसायकलवर आला. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. गाडी बंद न करता त्याने विचारलं, "गावात काही त्रास?"

मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "त्रास कसला? धूर मिरच्यांचा आहे. आज ती बाई सापडू द्या फक्त."

त्याने मान डोलावली आणि गाडी वळवली. जाताना त्याचे खांदे जरा सैल झालेले मला दिसले. त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. एरवी गिऱ्हाइकाचा खांदा बघून मी भाव ओळखते.

नाल्याशी पोचलो तर धूर पांढरा होता आणि वर जात नव्हता. नाल्याच्या पोटात दुधासारखा भरून राहिला होता. काठावर कोंबड्या पडलेल्या. अक्का सगळ्यांच्या पुढे होती, कारण शिव्या द्यायचं काम तिच्याकडे सोपवलं होतं. ती चार पावलं उतारावर गेली आणि तिथेच खाली बसली. तेवढ्यात शेतातून कारखान्याचे कामगार धावत आले. एकजण ओरडला, "ॲसिडची टाकी फुटली, मागे पळा."

आम्ही पळालो. मी आणि समोरच्या घरच्या वहिनीने अक्काला काखेत धरून ओढत आणलं, वांग्यांच्या क्रेटवर आडवं केलं, आणि माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता गाडी सोडली. कारखान्यातले दोन कामगार त्या दिवशी घरी परतले नाहीत. पलीकडच्या गावचे होते, तरणे. त्यातला एक दर हंगामात माझ्याकडून त्याच्या आईसाठी वांगी न्यायचा आणि भाव कधी करायचा नाही. त्याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

सरकारी दवाखान्यात अक्काच्या तोंडावर मास्क होता. दुसऱ्या दिवशी तिने तो जरा बाजूला केला. मी कान जवळ नेला. एवढ्या बारीक आवाजात अक्का कधी बोलली नव्हती. म्हणाली, "सापडनी का व ती बाई?"

वाफ दबावी म्हणून बंबांनी टाकीवर पाणी मारलं होतं. ते सगळं पाणी नाल्यात आलं, नाल्यातून माझ्या विहिरीत झिरपलं. नाल्यातले मासे पांढऱ्या पोटांनी वर आले. वांग्याची उरलीसुरली पानं कागदासारखी झाली, बोट लावलं की चुरा. कडुनिंबाची कारखान्याकडची बाजू जळाली आणि गावाकडची हिरवी राहिली. पत्र्यांना महिनाभरात गंज चढला. आणि अक्का घरी आली ती तशाच बारीक आवाजाची. ओट्यावरून चुलीपर्यंत जाताना मध्ये एकदा भिंतीला टेकायची. म्हैस तिच्याकडे बघत राहायची, हाक येत नाही म्हणून.

मग तो खुलासा आला. सरपंचांनी चावडीत वाचून दाखवला. "सदर धूर मिरच्या भाजल्याचा असल्याचे ग्रामस्थांनीच जागेवर सांगितले." म्हणजे कारखान्याची वाफ कुंपणाच्या आत राहिली, आणि गावाचा खोकला गावाच्या मिरच्यांचा. अक्काचा खोकला मिरच्यांचा ठरला तर तिचा इलाज कारखाना कशाला करेल? माझ्या तोंडच्या तीन शब्दांत तिचा श्वास अडकला होता. तिथे मी ठरवलं, हा सौदा मी सोडणार नाही.

बैठक ग्रामपंचायतीत झाली. तहसीलदार मॅडम आल्या, कारखान्याचे साहेब आले. साहेब चांगल्या बोलीचे होते. अशा माणसाशी घासाघीस करणं फार अवघड असतं. तो आधी तुमची विचारपूस करतो.

"ताई, तुम्हीच ना आमच्या माणसाला म्हणालात, मिरच्यांचा धूर आहे?"

"म्हणाले."

"मग आमचं काय चुकलं?"

"तुमचा माणूस मला काय म्हणाला?"

"तो कुठे काय म्हणाला?"

"तेच तर. आमच्याकडे पावशेर मिरच्या भाजायच्या असल्या तरी बाई आदल्या दिवशी दारोदार सांगते. तुमची टाकी फुटली, तुमचा माणूस तोंडाला फडकं बांधून गावात आला, विचारून गेला, पण सांगून गेला नाही. त्याने फडकं मिरच्यांसाठी बांधलं होतं का, साहेब?"

मॅडमचं पेन थांबलं. साहेब म्हणाले की हा भावनेचा प्रश्न नाही, पुरावा लागतो. आणि त्याच वेळी शिपाई दारात उभा राहून म्हणाला, चहाला उशीर होईल, दूध नासलं.

"दुसरं आणा," सरपंच म्हणाले.

दुसरं आणलं. तेही फाटलं. तिसऱ्या घरचं ताजं, नुकतंच काढलेलं दूध आलं, तेही पातेल्यात पडताच दाणेदार झालं. शिपाई रडकुंडीला आला. त्या दिवशी पंचायतीचा टँकर आला नव्हता आणि बिचाऱ्याने चहाला माझ्या विहिरीचं पाणी वापरलं होतं. सकाळी तो बादली घेऊन माझ्या शेतातून जाताना मी पाहिला होता. अडवू शकले असते. नाही अडवला.

मॅडमनी पातेलं आत मागवलं. बघितलं, वास घेतला. "पाणी कुठलं?"

"नाल्याकाठच्या विहिरीचं," शिपाई म्हणाला.

माल स्वतः बोलत असला की दुकानदाराने गप्प बसावं.

त्यानंतर खरी बोलणी सुरू झाली. साहेब म्हणाले, पावसाळ्यापर्यंत टँकर देतो. मी म्हणाले, टँकरने वांगी होत नाहीत, विहीर उपसा, गाळ काढा, पाणी चांगलं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा उपसा. ते म्हणाले, एकदा उपसतो. मी म्हणाले, तुमच्याकडची टाकीसुद्धा तुम्ही एकदाच धुता की काय? ते हसले, तेव्हा मला कळलं की विहीर मिळाली.

अक्कावर मात्र ते अडले. "वर्षभराचा इलाज आम्ही बघू, ताई. माणुसकी म्हणून."

"माणुसकी नको. इलाज खोकला जाईपर्यंत."

"त्याला काही अंत आहे का?"

"ते तुमच्या ॲसिडला विचारा."

ते मान हलवत राहिले. मग मी माझा हुकमी डाव टाकला. पिशवी उचलली, उठले आणि दाराकडे चालू लागले. पाठ फिरवली की समोरचा हाक मारतो, हे मी अनेक बाजारांत अजमावलंय. मी हळूहळू चालले. दार आलं. कोणी हाक मारली नाही. उंबऱ्यावर उभी राहून मी चपला शोधण्याचं नाटक केलं. चपला पायातच होत्या.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली अक्का खोकायला लागली. ती खोकला दाबत होती, मोठ्या माणसांपुढे बरं दिसत नाही म्हणून. पण तो दाबला जाईना. सगळी खोली तो खोकला संपायची वाट बघत बसली. संपल्यावर अक्का साहेबांना म्हणाली, "माफ करज्यात हां, भाऊ."

मॅडम म्हणाल्या, "बसा ताई, या आत." आणि साहेबांकडे न बघता त्यांनी लिहून घेतलं की डॉक्टर सांगतील तोपर्यंत इलाज कारखान्याकडे, ने-आणीच्या गाडीसकट.

शेवटी मी एक भोंगाही मागून घेतला. टाकीला काही झालं तर वाजायला. साहेबांनी दिला. तो ते अधूनमधून वाजवून बघतात, पण त्याआधी त्यांचा माणूस गल्लीत दारोदार सांगून जातो. तोच, मोटरसायकलवाला. समोरच्या वहिनी त्याला चहा देतात आणि विचारतात, तुझ्या मिरच्या कधी भाजणार? तो मान खाली घालून चहा पितो. साहेबांनी सगळं दिलं. ते वाक्य मात्र खुलाशातून काढलं नाही. मी दोनदा जाऊन भांडून आले. ते म्हणतात, "ताई, बाकी सगळं मिळालं ना?" मिळालं. तरी ते वाक्य माझं आहे.

विहीर उपसून उपसून पंप जळाला, तोही त्यांनी बदलून दिला. आता वरच्या वाफ्यांत वांगी येतात. नाल्यालगतचा पट्टा अजून पांढरा आहे, तिथे गवतसुद्धा पाय ठेवायला घाबरतं. धुळ्याची गिऱ्हाइकं पहिल्या हिवाळ्यात माझी वांगी हुंगून परत ठेवायची. मी त्यांच्यासमोर कच्चं वांगं चावून खाल्लं. आता हुंगत नाहीत.

मागच्या महिन्यात अक्काला तपासणीला घेऊन जळगावला गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अक्काला नळीत फुंकायला लावलं, पुन्हा लावलं, कागद बघितला आणि म्हणाल्या, "आहे तेवढं टिकवायचं. औषध चालू ठेवायचं. पण पूर्वीसारखं होणार नाही."

"निम्मं?" मी विचारलं.

"मावशी, आहे तेवढंच."

"थोडं तरी वाढवून द्या. लांबून आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वैतागल्या नाहीत, हे वाईट झालं. म्हणाल्या, "यात भाव होत नाही, मावशी. होत असता तर तुम्हाला नक्की कमी करून दिला असता."

अक्काने माझं मनगट धरलं. "चाल व. तिना मांगे लाइन शे."

आम्ही बाहेर आलो. जिन्यात ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा भिंतीवरचे डोळे तपासणीचे फलक वाचत असल्याचं सोंग केलं. तिला वाचता येत नाही. मीही तिच्याबरोबर फलक वाचले. खाली आवारात बघतो तर कारखान्याने दिलेली गाडी पार पलीकडच्या टोकाला, आणि त्यांचा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, आमच्याकडे पाठ करून. अक्काने सवयीने मान ताणली, तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने तोंड मिटलं आणि मला कोपराने ढोसलं.

"तू हाक मार. तुले आवाज फुकटना भेटेल शे."

मी मारली. ड्रायव्हरच्या हातातला चहा सांडला, आवारातल्या सगळ्या पेशंटांनी माना वळवल्या, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक नर्स डोकावली.

अक्का खुश झाली. पदर तोंडावर धरून हसता हसता खोकली आणि म्हणाली, "जरा कमी व बाई. आठे दवाखाना शे."