राईतली शीळ आणि न लागलेला कौल

बुरोंडीहून आमच्या गावाला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आधी दापोली, मग खेड, तिथनं डोंगराखाली सोडणारी एस.टी., पुढं चढण. गाव सोडून मला कैक वर्षं झाली, पण देवळातला मान अजून माझ्याकडंच. एक मानकरी जरी नसला तरी गुरव देवाला कौल लावत नाय. म्हणून चुलतभाऊ शांतारामचा मुंबईहून निरोप आला, "दादा, मेमध्ये ये. देवळावर स्लॅब घालायचाय. पैशासाठी देवळामागची राई तोडून लाकूड विकू, त्याला देवाची परवानगी घेऊ."

म्हटलं जाऊ, उभं राहू, उरकून येऊ.

खेडच्या स्टँडवर चहा प्या, भजी खाऊ नका. तिकीट फार नाय, पण जागा मिळेलच असं नाय. मला मिळाली नाय. गुडघे गाडीतच गेले, चढण नंतरची.

घरी वहिनी एकटी. थोरल्या भावाची बायको. कुळथाची पिठी नि भाकरी वाढली. वाडीत मुंबईकरांनी भाड्यानं व्हिडिओ आणलेला, त्याचा कल्ला. जेवलो आणि आडवा झालो.

पहाटे राईतल्या झऱ्यावर तोंड धुवायला गेलो. वर झाडी इतकी दाट की उजाडलेलं कळत नाय. तिथं एक काळंनिळं पाखरू शीळ घालत होतं. माणसासारखी शीळ, रेंगाळत, मध्येच सूर सोडून. मी वैतागून म्हटलं, "कोण रे तो?" तर गप्प झालं. जरा वेळानं पुन्हा सुरू.

परत आलो तर शांताराम ओटीवर चहा पीत बसलेला.

"त्या पाखराचं काय करणार?" मी विचारलं.

"दादा, पाखराला काय पास काढायचाय? जाईल दुसऱ्या रानात."

वहिनी चुलीकडनं म्हणाली, "कुठच्या रे बाबा रानात? पलीकडल्या गावची राई कोळशाला गेली, झरा आटला, तेव्हा तिथलं इथं आलं. तिथं आता सरकारी बाभळी. त्यात कावळा बसत नाय."

शांताराम हसला. "वहिनी, तुला स्लॅब नको काय?"

"मला पाणी हवं."

देवळात सगळे जमले. गुरवानं फुलाच्या पाकळ्या भिजवल्या, पाषाणाला लावायला घेतल्या. उजवी पडली तर होकार. मी बाहेर येऊन चपला घातल्या.

"दादा, कुठं?"

"माझी एस.टी. आहे."

"ती दुपारची! कौल होऊ दे की!"

"चुकली तर तू पाठीवर घेशील?"

गुरवानं माझ्याकडं बघितलं, पाकळ्या परत तबकात ठेवल्या. "मानकरी नाय, कौल नाय," म्हणाला नि हात पुसले. शांताराम मागनं ओरडत राहिला. मी मागं न बघता उतरण उतरलो. दुपारपर्यंत फाट्यावर उन्हात बसलो.

बुरोंडीला घरी मुलगा आलेला, रजेवर. पाय चेपत म्हणाला, "बाबा, आता मान माझ्या नावावर करा. तुम्हाला चढ झेपत नाय. पुढच्या मेमध्ये मी उभा राहतो." चांगल्या मनानं बोलला. त्यालाही स्लॅब हवाय.

म्हणजे राईला पुढच्या मेपर्यंत मुदत. तुम्हाला ती शीळ ऐकायची असेल तर त्याआधी जा, पहाटे झऱ्यावर गप्प बसा.

मुलाला म्हटलं, "मान देतो. पण आधी एकदा माझ्याबरोबर वर चल, देवळात नको, झऱ्यावर." हो म्हणालाय. गुडघ्यांना अजून विचारलेलं नाय.