पाया आहे, या

आमच्या शाळेच्या वाढदिवसाला दर वर्षी नान आणि पिठलं असतं. नवीन आलेले मास्तर पहिल्या वर्षी तोंड वाकडं करतात. नान खायचा खलियाबरोबर, म्हणजे मटणाच्या रश्श्याबरोबर, पिठलं खायचं भाकरीबरोबर, हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. ही जोडी कुणी लावली, असं विचारतात. माझ्या बायकोनं लावली. विचारलं की तीच सगळं सांगायची, हातवारे करून. ती जाऊन आठ महिने झाले. आता मला सांगावं लागतंय.

मी गवंडी. शिक्षण दोन इयत्ता, ते पण उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात आमच्या भागात तीच शाळा होती. पोलीस ॲक्शननंतर शाळेत मराठी आली आणि मी विटा उचलायला गेलो. म्हणून माझी अक्षरं दोन्ही लिपींत सारखीच वाईट आहेत.

ही गोष्ट पुढची, आमची पोर सहावीत होती तेव्हाची. शाळा म्हणजे तेव्हा बिऱ्हाड होतं. आधी छावणीत एका हॉलमध्ये, मग कापसाच्या गोदामात, मग एका शेठच्या रिकाम्या पागेत. तिथं उन्हाळ्यात अजून घोड्याचा वास यायचा. सकाळी मराठी वर्ग, दुपारी उर्दू, बसायला सतरंज्या त्याच. शेतकऱ्यांची पोरं, विणकरांची पोरं, फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची, छावणीतल्या ख्रिश्चनांची. हेडमास्तर पण छावणीतले ख्रिश्चन. माझी बायको शाळेत पाणी भरायची आणि घंटा वाजवायची. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. शाळा हलली की तो तुकडा ती डोक्यावर घेऊन पुढं चालायची.

शाळा हलली की पोरी गळायच्या. पोरं कुठंही चालत जातात. पोरींच्या आया म्हणायच्या, लांब पडतं, बस झालं शिक्षण. मराठीवाल्या म्हणायच्या, उर्दूवाल्या पण म्हणायच्या, त्याबाबतीत सगळ्यांचं एकमत. बायकोनं मला रोखठोक सांगितलं, "शाळा आणखी एकदा हलली तर आपली बी घरी बसंल. मग मला बोलायचं नाय."

कचेरीनं शाळेला कायमची जागा दिली होती, मोहल्ल्याला लागूनच. अट एकच, वर्षाच्या आत पाया खोदलेला दिसला पाहिजे. नाहीतर जागा परत, आणि शाळा लांब शेंद्र्याच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्या वर्षातले अकरा महिने पालकांच्या बैठकीत गेले. दरवाजा कुठल्या तोंडाला, यावर चार बैठका. पाटीवर वर मराठी का वर उर्दू, यावर पाच. हेडमास्तर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, हाच त्यांचा दोष. एका बैठकीत बायको पाण्याचे पेले घेऊन आत गेली आणि म्हणाली, "पाटी लावायला भिंत लागती. ती कुणी बांधली का?" सगळ्यांनी पेले उचलले. पाणी प्याले आणि परत पाटीवर आले.

शेवटी एकच रविवार उरला. सोमवारी कचेरीचा माणूस बघायला येणार होता. आधीच्या रविवारी श्रमदानाला आम्ही सात जण होतो, त्यातले दोघं सल्ला द्यायला आलेले. मी दोरी लावून, चुन्याची फक्की टाकून जमिनीवर शाळेची आखणी केली. पांढऱ्या रेघा झाल्या. खोदायला माणसं पाहिजेत म्हणून शनिवारी नानवाल्याकडं गेलो. त्याच्या दोन पोरी दुपारच्या वर्गात. त्याच्या भट्टीवर सगळा मोहल्ला यायचा, त्याला एक सांगितलं की शंभर घरी जायचं.

मी म्हटलं, "चाचा, कल सुबह स्कूल के मैदान में पाया है. सबको बोलो."

तो म्हणाला, "कितने लोगों का?"

"जितने आयेंगे उतने का. जास्ती आये तो अच्छाच है."

"मैं नान लेके आऊं?"

मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस, खोदणाऱ्यांना खायला आणतोय. म्हटलं, "लाओ ना."

माझी दखनी उर्दू बरी आहे, पण धंद्याचे शब्द तोंडात मराठीच बसलेले. पाया म्हणजे दुसरं काही असतं, हे माहीत असून डोक्यात आलं नाही. गवंड्याला पाया म्हटलं की खड्डाच दिसतो.

रविवारी उजाडताना मी, बायको आणि छत्री घेऊन हेडमास्तर, एवढेच तिथं. मग गल्लीच्या तोंडातून माणसं यायला लागली. पाच, दहा, मग मोजायचं सोडून दिलं. बाया पण आल्या. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या वाडगा, एकीच्या कमरेवर पातेलं. टिकाव एकाकडंही नाही. एका म्हाताऱ्याच्या हातात दोन लिंबं होती. मागून सायकलवर नानाचं टोपलं बांधून नानवाला.

तो उतरला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "देग किधर है?"

"कायकी देग?"

"पाये की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाया म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, देग म्हणजे तो शिजवायचा हंडा, आणि सगळा मोहल्ला सकाळी सकाळी तो खायला आला होता. मी फक्कीच्या रेघेकडं बोट केलं. दुसरं काय करणार. हेडमास्तरांनी छत्री मिटली. मला वाटलं, संपलं. आता ही माणसं रिकामे वाडगे घेऊन परत जाणार, आणि माझी पोर घरी बसणार.

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं. ती नजर अजून आठवते. मग पदर खोचला, माझ्या हातातला टिकाव घेतला आणि सगळ्यांना म्हणाली, "पाया है ना. जमीन के अंदर है. खोदे बगैर कैसा निकलता?"

लोकांनी आपापल्या रिकाम्या वाडग्यात बघितलं. मग लिंबंवाला म्हातारा म्हणाला, "भाभी, कितना अंदर?"

"कमर तक."

"मेरी कमर तक, या मिस्त्री की?"

"उनकी. वो बुटके हैं."

म्हातारा आधी हसला, मग सगळे. त्यानं लिंबं खिशात टाकली आणि पहिला टिकाव त्यानंच मारला. वर हातभर माती, खाली मुरूम. घरोघरी जाऊन लोकांनी पहारी, फावडी आणली. घमेली पुरेनात, तर पायासाठी आणलेल्या पातेल्यांतूनच मुरूम बाहेर काढला. गडबड ऐकून मराठीवाले आले, सिंधी शेठ आला, दरवाजा कुठल्या तोंडाला म्हणून भांडणारे दोघं एकाच चरात उभे राहून खोदायला लागले. दरवाजा मी आखला तिथंच झाला.

दुपारी सगळे भुकेले. नान टोपलंभर, त्याच्याबरोबर काही नाही. बायकोनं तीन दगड मांडले, एक पातेलं घासून घेतलं आणि पिठलं केलं, लसूण आणि हिरवी मिरची भरपूर. नानवाल्यानं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

"भाभी, ये गलत है," तो म्हणाला. "और दो."

सोमवारी कचेरीचा माणूस आला. चरात काठी घालून बघितली. काठी बुडाली. त्यानं कागदावर सही केली. आमची पोर त्याच शाळेतून मॅट्रिक झाली, नानवाल्याच्या दोघी पण. रुळाचा तुकडा मी व्हरांड्याच्या तुळईला टांगला, तो परत कुणाच्या डोक्यावर चढला नाही. पाटीचं म्हणाल, तर मी भिंत इतकी रुंद बांधली की दोन्ही लिप्या शेजारी शेजारी बसल्या. लिंबंवाला म्हातारा मरेपर्यंत मला रस्त्यात गाठून विचारायचा, "मिस्त्री, पाया कब है?"

यंदा वाढदिवसाला शाळेच्या बाई म्हणाल्या, "बाबा, यंदा आपण बाहेरून मागवू." मी नाही म्हटलं. एवढ्या वर्षांत मी कधी चुलीजवळ गेलो नव्हतो. तिनं जाऊ दिलं नाही आणि मी पण हट्ट केला नाही. मीठ कुठल्या डब्यात असतं ते सापडेपर्यंत तेल जळालं. पीठ टाकलं, गोळे झाले. तसंच पातेलं घेऊन गेलो.

नानवाला रिक्षातून आला होता. आता त्याला कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत आहे. त्यानं नानाचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला.

"ये भाभी का नहीं है," तो म्हणाला.

"नाय."

"गुठल्या हैं इसमें."

"हैं."

तो खात राहिला. पोरं ओरडत होती, कुणीतरी रुळाच्या तुकड्यावर ठोका मारला. त्यानं ताटली बोटानं पुसून साफ केली आणि माझ्यापुढं सरकवली.

"और दो."