मांडा फाटू नये म्हणून

धुळ्याच्या दवाखान्यात आईच्या वॉर्डला एक सिस्टर होती. ती कायम अर्धी पळतच चालायची आणि बोलायचीही तशीच, शहरी मराठीतून मधेच अहिराणीत उडी मारून. तिच्या त्या गडबडीची मला आधी धास्तीच वाटायची.

एका सकाळी आईची शीर काही केल्या सापडेना. दोनदा टोचून झालं होतं आणि आई हात मागे ओढत होती. सिस्टरने तिच्या हाताला कोमट ओलं फडकं गुंडाळलं, हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबता सोडला, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "अक्का, पुरणना मांडासनी कणीक कशी तिंबतस तुम्ही? माले दखाडा ना."

कणीक तिंबावी तशी आईच्या मुठीची उघडझाप होऊ लागली. मनगटाजवळ शीर हळूहळू फुगून वर आली.

"आते मांडा हातवर शे. हालू नका, फाटी जाई." सिस्टरने सुई उचलली.

आईचा हात जागच्या जागी थांबला. तिचे डोळे त्या न दिसणाऱ्या मांड्यावर खिळले होते.

"टाकू का खापरवर?" आईने विचारलं, जणू पुढ्यात चुलीवर मांडे भाजायचं खापर तापलंच होतं.

"टाका अक्का," चिकटपट्टी लावत सिस्टर म्हणाली. सलाईन केव्हाच सुरू झालं होतं.