सकाळची पोटदुखी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी सोनईजवळच्या एका खेड्यात मास्तरीण होते. नवी होते आणि चिडकीही. पोरगं शाळेत आलं नाही, की मी वरच्या वर्गातली चार दांडगी पोरं त्याच्या घरी धाडायचे. ती त्याची उचलबांगडी करून, हातापायांना धरून आणत. तेव्हा ही रीतच होती आणि मला तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं.

दुसरीतला एक मुलगा रोज असाच यायचा. शाळेची वेळ झाली, की त्याचं पोट दुखायचं. "सोंग न्हाई बाई, खरंच दुखतंय त्याचं," त्याची आई सांगायची. "मग रविवारी बरं दुखत नाही!" मी तिला फटकारायचे.

एकदा साहेब शाळा तपासायला येणार होते. त्या सकाळी माझ्याच पोटात असा पिळा पडला, की भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवून मी घरीच पडून राहिले. दुपारी साहेबांची जीप परत गेली आणि माझं पोट आपोआप दुखायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी चौघांना न धाडता मी स्वतःच त्याच्या घरी गेले. तो दाराआड लपला होता. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काल माझंही पोट दुखत होतं. भीतीनं."

तो दाराआडून थोडा पुढे सरकला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमाला उचलायला कोन आलं हुतं?"