भांडवल भरलं कुठं?

फसवलं ते नांदेडच्या जुन्या शहरात गादी कारखाना चालवणाऱ्या एका बाईला. कधी, तर गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, जोहरची नमाज उरकून ती दुकानाचं शटर पुन्हा वर करत होती तेव्हा. फसवणारा मोटारसायकलवरून आला, तिचाच चहा प्याला, वीस हजार रुपये खिशात घातले आणि जाताना "खाला, दुआ में याद रखना" म्हणाला. मला पैशापेक्षा त्या दुआचा जास्त राग आहे.

तिचं नाव लिहीत नाही; सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते. खालानेच बजावलंय, "तेरे पर्चे में मेरा नाम आया ना, तर तुलाच खोळीत भरून टाके घालीन." मी पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकात वाटते. नळाला पाणी नाही, पत्रक. बसथांब्याला छप्पर नाही, पत्रक. खाला मला पर्चेवालीच म्हणते.

खाला आणि अर्धापूरकडची केळी पिकवणारी एक काकू, या दोघी मिळून एक काम करतात. कुणाच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलं की त्या घरी पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर नेऊन द्यायचा. भाडं नाही. गरज संपली की परत आणायचा. काकूचा नवरा लकव्याने पडून होता, त्याची गादी खालाने भरली होती. तो गेल्यावर काकू पलंग टेम्पोत घालून थेट दुकानात आली. "मला हा घरात बघवत न्हाई. तुमीच ठिवा." खालाने तो त्याच संध्याकाळी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला दिला. झालं सुरू काम. अध्यक्ष नाही, सचिव नाही, बॅनर नाही.

मग लातूरहून निरोप आला. तिथलं एक छोटं खासगी रुग्णालय बंद होणार होतं. दांडा फिरवला की डोक्याकडून वर उचलले जाणारे चौदा पलंग त्यांना फुकट द्यायचे होते. चौदा! आमच्याकडे तेव्हा तीन होते आणि वाट बघणारी घरं त्याच्या कितीतरी पट. अट एकच. घेणारी संस्था नोंदलेली हवी, आणि हे सगळं दसऱ्याच्या आत. दसऱ्यानंतर इमारत रिकामी करायची होती. पलंग उरले तर भंगारात.

मंडळ काढायचं तर किमान सात जण लागतात. काकू म्हणाली, "सात बाया जमवल्या तर अध्यक्ष कोण, यातच दसरा जातंय." कंपनी मात्र दोघींना काढता येते. नफा वाटून न घेणारी, लोकांच्या कामासाठीची कंपनी. हे त्या मोटारसायकलवाल्यानेच सांगितलं, आणि एवढं मात्र खरं सांगितलं. त्याचा धंदाच तो, कंपन्या नोंदवून देण्याचा.

काकूला हसू आवरेना. "नफा न्हाई अन् कंपनी? मग मी तर इतकी वर्सं कंपनीच चालवून राहिले, केळीची!"

तो म्हणाला, एक लाख भांडवल लागतं. वीस आत्ता, ऐंशी आठवड्याभरात, मी सरकारात भरतो.

आता या शब्दाकडे नीट बघा. भांडवल. आमच्याकडे पानटपरी टाकणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच असतो, "भांडवल हाय का?" म्हणजे नोटा. हातातल्या, मोजून ठेवलेल्या. कंपनी म्हणजे तर मोठं काम, त्याला लाखाचं भांडवल लागणारच, असं दोघींना वाटलं. वावगं काय त्यात? मराठी येणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. तो त्या शब्दावरच पोट भरतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर खाला पिंजणयंत्राला तेल घालून, फडक्याने पुसून चकचकीत करत होती.

"नवीन वाटतंय गं, खाला."

"वाटायलाच पाहिजे. शुक्रवारी मुदखेडचा गिऱ्हाईक बघायला येतोय."

यंत्र विकून ऐंशी हजार उभे करायचे होते तिला. ज्या यंत्रावर ती आणि तिच्या दोन मुली जेवतात, ते यंत्र! मी आरडाओरडा केला. ती शांतपणे म्हणाली, "चौदा घरं, बेटा. मशीन तो फिर आएगी. वो पलंग फिर नहीं आएँगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकू लातूरच्या एसटीत. शिकवणीवर्गांच्या एका गल्लीत एक कंपनी सेक्रेटरी बाई बसतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, काकूचा प्रश्न काही जाईना.

"कंच्या कंपनीची सेक्रेटरी हाय ती?"

"कुठल्याच नाही, काकू. ती पदवी असते. कंपन्यांचा कायदा शिकलेली बाई."

"मंग तिचा साहेब कुठं बसतो?"

तिथे पोचल्यावर काकूने हाच प्रश्न त्या बाईंना विचारला. बाई खळखळून हसल्या. "काकू, साहेब मीच. बसा. आधी पाणी घ्या."

आणि मग त्यांनी सांगितलं. ना-नफा कंपनीला किमान भांडवलाची अटच नाही. अर्जात जो आकडा घालतात ते अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती भांडवल उभारता येईल त्याची मर्यादा. तो पैसा सरकारात भरायचा नसतो. काकूने क्षणभर विचार केला आणि मांडीवर थाप मारली. "म्हंजे भगुणं! भगुणं पाच लिटरचं हाय म्हणून पाच लिटर दूध घालावं लागतंय व्हय?"

"बरोब्बर," बाई म्हणाल्या, "हे मी माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला असंच सांगणार."

मला गप्प बसवेना. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. भांडवलाचा आकडा पंधरा लाखांच्या आत असेल तर नोंदणी अर्जाचं शुल्क शून्य. शून्य! नाव आधी राखून ठेवायचं तर हजार रुपये. दोघींच्या डिजिटल सह्या काढायला काही हजार. बाकी पॅनसारखे किरकोळ खर्च आणि त्यांची स्वतःची फी, जी त्यांनी तोंडावर सांगितली आणि कागदावर लिहूनही दिली. सगळं मिळून त्या माणसाने उचललेल्या वीस हजारांच्या आत बसत होतं. खर्च खरा पुढे असतो, हेही त्यांनी लपवलं नाही. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, विवरणपत्रं भरावी लागतात, उशीर केला तर दिवसाला दंड चढतो. "हे झेपणार असेल तरच काढा." काकू म्हणाली, "झेपवू."

तिथूनच खालाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुदखेडवाल्याला नको सांगते. उद्या तू ये. और हाँ, पर्चे मत लाना. इस बार मैं लाती हूँ."

शुक्रवारी सकाळी त्या माणसाच्या कार्यालयासमोर रिक्षा थांबली. काचेचा दरवाजा, एसी, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, खुर्च्यांवर चार-पाच गिऱ्हाइकं. खाला उतरली, मागून काकू आणि मी. रिक्षातून दोन गोण्या निघाल्या आणि वेताच्या दोन काठ्या. खाला आत गेली, मधोमध चटई टाकली, जुन्या गादीचा काळपट कापूस ओतला आणि मांडी घालून बसली.

"खाला, हे काय?" तो टेबलामागून उठला.

"काम. मेरी मशीन भांडवलात चाललीय ना? म्हटलं, तोपर्यंत हाताने करते. तेरे यहाँ एसी भी है."

आणि सपासप! काठ्या अशा पडायला लागल्या की विचारू नका. सात-आठ वर्षं कुणाच्या तरी पाठीखाली दबलेला कापूस तो, धूळ अशी उठली की समोरचं दिसेना. तंतू एसीत, संगणकात, त्याच्या केसांत, मिशीत. गिऱ्हाइकं शिंकत उठली. खाला प्रत्येक फटक्यासरशी एकच विचारत होती, "भांडवल भरलं कुठं? पावती दाखव. भरलं कुठं? पावती दाखव." एक गिऱ्हाईक दारात थबकलं. "भांडवल? माझ्याकडूनही घेतलंय यांनी."

"मॅडम, यांना समजावा," तो मला म्हणाला.

मी म्हटलं, "मी कशाला समजावू? मला तर हे पत्रकापेक्षा भारी वाटतंय."

"ऑनलाइन पाठवतो, खाला, आत्ता पाठवतो!"

"मेरेकू ऑनलाइन नक्को. नगद नेलास, नगद दे."

त्याने ड्रॉवर उघडला. वीस हजार. काकूने थुंकी लावून नोटा मोजल्या, मग खाला उठली. जाताना तिने कापूस गोळा केला, पण सगळा नाही.

पुढे आमचं पहिलं नाव नामंजूर झालं, कारण त्या नावाची कंपनी आधीच होती. दुसरं पाठवलं. मग रोज धाकधूक. एका सकाळी लातूरच्या बाईंचा फोन आला, प्रमाणपत्र मेलवर आलंय. मी धावत दुकानात गेले, खालाला घट्ट मिठी मारली, दोघी कापसाने माखलो. दसऱ्याला अजून आठवडा होता. चौदाच्या चौदा पलंग दोन टेम्पोंतून आले. पहिला उमरीला गेला, एका निवृत्त पोस्टमनच्या घरी. त्याच्या सुनेने दांडा फिरवला, म्हातारा हळूहळू बसता झाला आणि खिडकीतून रस्ता बघून म्हणाला, "अरे, समोरचं झाड तोडलं कुणी?"

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. त्या कापसाची बातमी गावभर झाली आणि लोक दुकानात यायला लागले. मुदखेडला वाचनालय काढू पाहणाऱ्या दोन शिक्षिका. भटक्या जनावरांवर इलाज करणारी पोरं. सगळ्यांनी भांडवल 'भरलंय'. कुणाचीच कंपनी नोंदलेली नाही. तो अजून तिथेच बसतो, फक्त दारावरची पाटी बदलली आहे. आणि असा तो एकटाच नाही, तुमच्या शहरातही एखादा असेल.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचून नुसती मान हलवू नका. चांगल्या कामासाठी कंपनी काढायला तुमच्याकडून किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाकडून भांडवल म्हणून पैसे घेतले असतील, तर उद्या सकाळी त्या माणसाच्या समोर जाऊन बसा. एकटे जाऊ नका, चार जणांना घेऊन जा. सरकारी पावती मागा. पावती नसेल तर पैसे मागा. ते हातात पडेपर्यंत खुर्ची सोडू नका.