लामावुसोच्या घरची पोर

कस्तुरीचा ईमेलवर फोटो आला आणि सुप्रभाच्या जिवाला घोर लागला. पोरगी वाळली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती चांगली गुबगुबीत झाली होती. आफ्रिकेत स्वाझीलँडच्या डोंगरातल्या शाळेत वर्षभर गणित शिकवायला गेलेली लेक मांडीवर वाडगं घेऊन आंबट दही आणि मक्याचा भरडा हाताने ओरपत होती. इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या घरात दहीभात पाहून नाक मुरडणारी तीच ही! शेजारी, खांद्यावर गाठ मारून रंगीत कापड पांघरलेली घरमालकीण हसत होती. तिचं नाव लामावुसो. कस्तुरी तिला ‘मेके’ म्हणायची. मेके म्हणजे आई.

“एक आई पुरत नाही वाटतं बाईसाहेबांना,” सुप्रभा म्हणाली.

“अगं, जाऊन बघू या ना,” तिच्या नवऱ्याने, शशिकांतने, ऑगस्टची तिकिटं हेरूनच ठेवली होती. “सकाळी धुक्यातले डोंगर, दुपारी खाली उतरलं की उसाचे मळे. महाबळेश्वर आणि फलटण एका दिवसात! त्या बाईंनी आपल्यासाठी खोलीसुद्धा सारवून ठेवलीय.”

“तुम्ही जा. माझे गुडघे दुखतात.”

“गुडघे दुखतायत की पोटात दुखतंय?”

सुप्रभाने तो फोटो बंद केला. लग्न होऊन ती साताऱ्याहून आली तेव्हा तिची बी.ए.ची पदवी इथे कुणी विचारली नाही. आधी शाळेच्या किचनमध्ये ताटं वाढली, मग डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनला लागली. पेशंटांची अवघड नावं ती न अडखळता पुकारायची. ‘गद्रे’ मात्र कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती झाली ‘मिसेस जी’. कस्तुरीला तिने एकटीने वाढवलं. हाताशी ना आजी, ना मावशी. लेक सगळीच्या सगळी आपली, एवढीच तिची मिरास. त्यात आता वाटेकरीण आली होती.

रविवारी कस्तुरीचा फोन आला. “आई, मेके विचारते, तू आलीस की तुला काय म्हणायचा? इथे लग्न झाला तरी बाईला तिच्या बाबांच्या नावाने बोलवतात. मेकेचे बाबा मावुसो, म्हणून ती लामावुसो. तुझे बाबांचा सरनेम काय होता?”

“तुला माहीत नाही?”

“तू कधी सांगितलाच नाही ना!”

“कुकर लागलाय, नंतर बोलू,” म्हणून सुप्रभाने फोन ठेवला. कुकर लागला नव्हता.

आता तिला निराळाच हेवा डसला. त्या बाईला सून आली, नातवंडं झाली, तरी सासरच्या अंगणात तिला अजून बापाच्या नावाने हाक येते. आपलं ‘सबनीस’ शेवटचं छापलं गेलं ते लग्नपत्रिकेवर. आणि इतक्या वर्षांत ते विचारलं कुणी, तर ह्या परक्या बाईनेच! पोटच्या पोरीने नाही. न गेलो, तर कस्तुरी साताऱ्याच्या आजोबांकडून कधीतरी नाव काढून घेईल आणि जाऊन तिला देईल. लेक गेलीच होती; आता नावही तिच्याच पदरात पडणार. छे!

“अहो, ती तिकिटं घ्या,” ती बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली. “दोन. आणि नंबर द्या.”

“कस्तुरीचा? आत्ताच तर बोललीस.”

“त्या लामावुसोचा. इंग्रजी येतं ना तिला? माझ्या बाबांचं नाव मी सांगणार तिला. मी स्वतः.”