गोरक्षरावांची गाडी आणि अंड्याचा वास

आमच्या सातपूरच्या कॉलनीत गोरक्ष बोडके यांची गाडी उभी राहिली की दोन घरांची फाटकं पुरती उघडत नाहीत. त्यांतलं एक माझं. तरी मी कधी तक्रार केली नाही, कारण ती गाडी कोणासाठी झाली ते मला ठाऊक आहे.

चंद्रभागावहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. हॉटेलात त्या चहासुद्धा घेत नाहीत. "त्या शेगडीवर सकाळी काय शिजलं असंल, कोणाला माहीत?" असं त्या विचारतात. त्यामुळे लग्नापासून या जोडप्याचा प्रवास दशम्या टिकतील तेवढाच झाला. वणी, त्र्यंबक, फार तर शिर्डी. निवृत्त झाल्यावर गोरक्षरावांनी जुनी सतरा सीटची गाडी घेतली, सीटा काढल्या आणि आत वहिनींसाठी स्वयंपाकघर बांधलं. शेगडी, ओटा, बेसिन, दिवे, पंखा, मागे पलंग. कारखान्यात लेथवर टर्नर होते. ओट्याची उंची त्यांनी वहिनींच्या कोपरापासून मोजून घेतली. पहिला प्रवास ओंकारेश्वराचा ठरला. सोमवारी सकाळी निघायचं.

दिव्या-पंख्याची बॅटरी पलंगाखाली होती. ॲसिडची, पाणी घालायची. दर रविवारी गोरक्षराव तिची सहा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालत. "पाहुण्यासारखं आहे, सर. पाणी विचारावं लागतं," असं मला सांगत. मात्र पडदे आणि रंगाच्या गडबडीत चार रविवार पाहुण्याला कोणी विचारलंच नाही. बुधवारी संध्याकाळी त्यांनी गाडीची वायर घरात जोडून बॅटरी चार्जिंगला लावली.

गुरुवारी सकाळी वहिनी मसाल्याचे डबे घेऊन गाडीत चढल्या आणि नाकाला पदर लावून उतरल्या.

"अहो, इकडं या. गाडीत अंडी कोणी आणली?"

"अंडी?"

"नासलेली. माहेरी कोंबड्या होत्या आमच्या. खुडूक कोंबडीखालचं नासकं अंडं मला झोपेत पण कळंल."

गोरक्षरावांनी आत जाऊन नुसता वास घेतला असता तरी पुष्कळ होतं. पण चोराच्या मनात चांदणं. ते गाडीच्या पायरीवर खाली बसले.

"गाडीत नाही गं. कंपनीत. गेटबाहेर गाडा लागायचा. बुर्जी-पाव. पण फक्त बुधवारी."

वहिनींना आधी काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं.

"कधीपासनं?"

"एकोणनव्वद सालापासून."

"मंग माझा डबा?"

"दिनेश खायचा."

दिनेश शिरसाठ म्हणजे यांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस. राहायला आमच्याच मागच्या गल्लीत.

"पहाटे चारला उठून कारलं चिरायची मी," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी एकटेच जा तुम्ही." आणि त्या घरात गेल्या. अंडी खाल्ल्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, हे गोरक्षरावांच्या लक्षात आलं नाही. फाटकात उभं राहून ऐकणाऱ्या माझ्या आलं.

ते माझ्याकडे आले. "सर, तुम्ही समजवा. ती नाही आली तर त्या ओट्याचं मी काय करू?" मी सहावीच्या वर्गातली कित्येक भांडणं मिटवली आहेत, पण हे प्रकरण वेगळं होतं.

दुपारी लखन आला. गाड्यांची वायरिंग करतो. पंख्याचं बटण बसवायला बोलावला होता. दार उघडताच तो थबकला. आधी त्यानं घरातला प्लग काढला, गाडीची सगळी दारं-खिडक्या उघडल्या, "शेगडीला हात लावू नका" असं बजावलं आणि बराच वेळ बाहेरच थांबला. मग पलंगाची फळी उचलली. बॅटरी फुगली होती आणि तापली होती.

"काका, पाणी कधी घातलं होतं?"

"मागच्या महिन्यात."

"हे बघा, आटलंय. अन् चार्जर भरतच राहिला. बॅटरी अशी शिजली की नासक्या अंड्यासारखीच घाण मारते. विषारी असतंय हे. काकू आत बसल्या नाहीत ते बरं."

गोरक्षरावांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी काही बोललो नसतो, तरी चाललं असतं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "चाललं असतं!"

लखन म्हणाला, आता बंद बॅटरी घ्या, एजीएम म्हणतात ती. आत ॲसिड मोकळं नसतं, बोळ्यात तेल मुरावं तसं काचेच्या तंतूंच्या गादीत मुरलेलं असतं. गोरक्षरावांना ते पटेना. "झाकणच नाही? मग आत काय चाललंय ते माणसानं ओळखायचं कसं?"

वहिनी बाहेर आल्या. "वास येतो का रे तिचा?"

"नीट चार्ज केली तर नाही, काकू."

"पाणी?"

"घालायचंच नाही."

"हीच बसव. यांच्या रविवारवर माझा भरवसा नाय. बुधवारवर तर नायच नाय."

शनिवारी नवी बॅटरी बसली. पलंगाखालची जागा गोरक्षरावांनी कारखान्यातल्या सूक्ष्म मापाच्या व्हर्नियरनं मोजली. लखन हसला, पण बॅटरी अचूक बसली. चार्जरचं सेटिंगही त्यानं बदललं, नाहीतर हिचीही तीच गत झाली असती. रविवारी गोरक्षराव सवयीनं पाण्याचा कॅन घेऊन गाडीत गेले आणि तसाच भरलेला कॅन घेऊन परत आले. घरात चार दिवस "जेवा" आणि "झालं" याशिवाय बोलणं नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला वहिनी बाहेर पडल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. गोरक्षरावांनी गाडीचं दार उघडून धरलं. वहिनी दारावरून सरळ पुढे निघून गेल्या, मागच्या गल्लीत. गोरक्षराव आणि निरोप द्यायला आलेला मी, दोघं मागोमाग. दिनेश अंगणात दात घासत होता.

"भावजी, बुधवारचा डबा तुम्ही खायचात म्हणे."

दिनेशनं गोरक्षरावांकडे पाहिलं. तिकडून काही मदत मिळेना. "हो, वहिनी."

"खरं सांगा. कसा असायचा?"

दिनेशनं चूळ भरली. "कारलं म्हणजे एकदम फर्मास. बाकी... मीठ थोडं कमी असायचं."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. वहिनी नवऱ्याकडे वळल्या.

"बघा. बाकीचे पाच दिवस तुम्ही खायचात. एकदा तरी बोललात?"

डबा त्यांनी दिनेशच्या हातात दिला, परत आल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर बसल्या.

"आणि माझं जेवण?" गोरक्षरावांनी भीत भीत विचारलं.

"धुळ्याच्या पुढं थांबवा गाडी अन् करा तुमच्या हातानं. मी मीठ सांगीन."

गोरक्षराव चावी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.